गेलिक फुटबॉल: बरोबरीत सुटलेल्या बाद सामन्याचा निकाल कसा लावणे न्याय्य?

लिफीकाठ

गेली नऊ वर्षे मी डब्लिनमध्ये राहतो आणि माझा मुलगा इथल्या एका स्थानिक क्लबाच्या पंधरा वर्षांखालील संघात गेलिक फुटबॉल खेळतो. मागच्या हंगामात त्यांचा उपांत्य सामना बरोबरीत राहिला, जादा वेळेतही कोंडी फुटली नाही आणि निकाल पेनल्टींवर लागला. मुलगा बचावफळीत खेळतो. तीन वर्षांत त्याने एकाही सामन्यात पेनल्टी मारलेली नव्हती. पाचवी पेनल्टी त्याच्या वाट्याला आली आणि ती गोलरक्षकाने अडवली. हरण्याबद्दल माझी तक्रार नाही, हरणे त्याला आलेच पाहिजे. पण ज्या कसोटीवर तो हरला, ती कसोटी त्या खेळाने त्याच्यापुढे त्याआधी कधी ठेवलेलीच नव्हती, आणि ही गोष्ट तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पंधरा-पंधरा खेळाडूंचे दोन संघ असतात आणि चेंडू हाताने व पायाने दोन्ही प्रकारे खेळता येतो. गोलखांब आडव्या दांड्याच्या वरही उंच गेलेले असतात. चेंडू दांड्याखालून जाळ्यात गेला की गोल, म्हणजे तीन गुण. दांड्यावरून खांबांमधून गेला की एक गुण. आणि २०२५ पासून ४० मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या अशा किकला दोन गुण मिळतात. धावफलकावर २-२१ असे लिहिले असेल तर त्याचा अर्थ दोन गोल आणि एकवीस गुण, एकूण सत्तावीस. काउंटी (आयर्लंडमधील जिल्हे) संघांचे वरिष्ठ सामने ७० मिनिटांचे असतात. बहुतेक बाद सामन्यांत बरोबरी झाली तर दहा-दहा मिनिटांची दोन जादा सत्रे होतात आणि त्यानंतरही बरोबरीच राहिली तर प्रत्येकी पाच पेनल्टी, ११ मीटरवरून, समोर फक्त गोलरक्षक.

आता २६ जून २०२२ चा, डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावरील, गॉलवे विरुद्ध आर्मा या काउंटींचा अखिल आयर्लंड स्पर्धेतला उपांत्यपूर्व सामना आठवा. आर्माने अखेरच्या क्षणांत मोठी पिछाडी भरून काढली आणि रियन ओनीलच्या लांबवरच्या फ्री किकने सामना जादा वेळेत नेला. जादा वेळेच्या शेवटी गॉलवेच्या किलियन मॅकडेडने पुन्हा बरोबरी साधली. गॉलवे २-२१, आर्मा ३-१८. नव्वदहून अधिक मिनिटांत दोन्ही संघांनी मिळून चव्वेचाळीस वेळा चेंडू खांबांमध्ये घातला आणि त्यांतले एकोणचाळीस वेळा तो दांड्यावरून गेला. तरीही शेवटचा निवाडा झाला तो जमिनीवर ठेवलेला चेंडू दांड्याखालून मारण्यावर. गॉलवे ४-१ ने जिंकले.

माझे म्हणणे एवढेच आहे की कोंडी फोडण्याची रीत त्या खेळाच्याच पोटातून आली पाहिजे, आणि गेलिक फुटबॉलचा प्राण दांड्यावरून जाणाऱ्या किकमध्ये आहे. पेनल्टी ही असोसिएशन फुटबॉलकडून उसनी घेतलेली रीत आहे. तिथे निदान दांड्याखालून गोल करणे हाच संपूर्ण खेळ आहे. आपल्याला यावर काय वाटते?

पश्चिमवारा

लिफीकाठ, तुमच्या मुलाबद्दल वाचून वाईट वाटले. मी मेयो काउंटीत बारा वर्षे आहे आणि माझे मत जुन्या पद्धतीचे आहे: बरोबरी झाली, तर दोन्ही संघांनी पुन्हा मैदानात उतरावे. फेरसामन्याहून न्याय्य रीत अद्याप सापडलेली नाही.

१९९१ सालची डब्लिन आणि मीथ यांची लेन्स्टर प्रांताची पहिली फेरी इथले जुने लोक अजूनही चवीने सांगतात. पहिला सामना २ जूनला १-१२ विरुद्ध १-१२ असा सुटला. दुसरा जादा वेळ खेळूनही १-११ असा बरोबरीत राहिला. तिसऱ्यात मीथ २-११ आणि डब्लिन १-१४, म्हणजे पुन्हा सतरा-सतरा, तेही जादा वेळेनंतर. चौथा सामना ६ जुलैला झाला. शेवटच्या मिनिटांपर्यंत डब्लिन पुढे होते. मग मीथच्या केव्हिन फोली या बचावपटूने गोल केला आणि लगेच डेव्हिड बेगीने विजयी गुण मिळवला. मीथ २-१०, डब्लिन ०-१५. चार सामने, पाच आठवडे, दोन लाखांहून अधिक प्रेक्षक आणि अंतर फक्त एका गुणाचे. पहिल्याच दिवशी पेनल्टी मारल्या असत्या तर यातले काहीही घडले नसते. आणि तो बरोबरी साधणारा गोल एका बचावपटूने खेळाच्या ओघात केला, हे मला तुमच्या मुलाच्या संदर्भात मुद्दाम सांगावेसे वाटते.

अखिल आयर्लंड अंतिम सामन्यांचेच पाहा. १९८८, १९९६, २०००, २०१६ आणि २०१९ हे सामने फेरसामन्यात सुटले. २०१६ मध्ये आमचा मेयो फेरसामन्यात डब्लिनकडून १-१५ विरुद्ध १-१४ असा एका गुणाने हरला. ते दुःख अजून जात नाही, पण त्या निकालाविषयी शंका घेणारा माणूस मला या काउंटीत भेटलेला नाही.

मैदानमित्र

पश्चिमवारा, फेरसामन्याविषयीचा आपला आदर मलाही आहे, पण त्याला न्याय्य म्हणताना आपण काही गोष्टी सोडून देत आहात असे नम्रपणे सांगतो. मी एका क्लबाच्या समितीवर काम केले आहे, त्यामुळे वेळापत्रकाची बाजू मला जवळून माहीत आहे.

हे खेळाडू हौशी आहेत. कोणी शिक्षक, कोणी सुतार, कोणी परिचारक. सोमवारी सकाळी त्यांना कामावर जायचे असते. १९९१ मध्ये मीथने अंतिम सामन्यापर्यंत एकूण दहा सामने खेळले आणि शेवटी डाउनकडून ते हरले. चार सामन्यांच्या त्या झुंजीची किंमत त्यांनी पुढे मोजली नसेल असे कोण म्हणेल? फेरसामना जिंकणाऱ्या संघाला पुढच्या फेरीत ताज्या दमाच्या प्रतिस्पर्ध्याशी खेळावे लागते, म्हणजे एका सामन्यात न्याय देताना आपण पुढच्या सामन्यात अन्याय पेरतो.

दुसरे असे की फेरसामना पहिल्या सामन्याच्याच परिस्थितीत होतो, हे गृहीत धरता येत नाही. २०१४ मध्ये केरी आणि मेयो यांचा उपांत्य सामना क्रोक पार्कवर बरोबरीत सुटला. फेरसामन्याच्या दिवशी, ३० ऑगस्टला, तिथे अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलचा सामना ठरलेला होता, म्हणून फेरसामना लिमरिकला हलवावा लागला. तो केरीने जादा वेळेत ३-१६ विरुद्ध ३-१३ असा जिंकला आणि पुढे विजेतेपदही मिळवले. दुसऱ्या मैदानावर, दुसऱ्या हवेत, दुखापतींची वेगळी यादी घेऊन खेळलेला सामना हा आधीच्या सामन्याचा उरलेला भाग कसा मानायचा?

आणि तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आता हंगामाचे दोन भाग झाले आहेत: आधी काउंटीचे सामने, जुलैअखेर अंतिम सामना आणि त्यानंतर क्लबांचे सामने. पूर्वी काउंटीचा प्रत्येक फेरसामना क्लबांच्या हजारो साध्या खेळाडूंचे वेळापत्रक पुढे ढकलत असे आणि त्यांना आपला पुढचा सामना केव्हा आहे हे आठवडेच्या आठवडे कळत नसे. त्या खेळाडूंनाही न्याय हवाच ना?

बेरीजवजाबाकी

एक पर्याय नेहमी सुचवला जातो, त्याचे गणित मांडून पाहतो. बरोबरी झाल्यास ज्या संघाचे गोल अधिक तो विजयी, किंवा ज्याने अधिक वेळा चेंडू खांबांमध्ये घातला तो विजयी, असा नियम करावा असे काहींचे मत असते. वरवर पाहता हे पटते, कारण यात वेगळी स्पर्धा घ्यावी लागत नाही आणि निकाल खेळातूनच निघतो.

आर्मा काउंटीने २०२२ ते २०२४ या काळात चार सामने पेनल्टींवर गमावले. गॉलवेविरुद्धचा वर आलाच आहे. २०२३ मध्ये क्लोन्स येथे अल्स्टर प्रांताच्या अंतिम सामन्यात डेरी १-१५, आर्मा ०-१८ अशी बरोबरी झाली आणि डेरी पेनल्टींवर ३-१ ने जिंकले. त्याच वर्षी उपांत्यपूर्व फेरीत मॉनहनशी ०-१४ अशी बरोबरी झाली आणि मॉनहन ९-८ ने जिंकले. २०२४ च्या अल्स्टर अंतिम सामन्यात डोनेगॉलशी ०-२० अशी बरोबरी होऊन डोनेगॉल ६-५ ने जिंकले.

आता गोलांचा नियम लावू. गॉलवेविरुद्ध आर्माचे तीन गोल आणि गॉलवेचे दोन, म्हणजे आर्मा जिंकते. डेरीविरुद्ध आर्माचा एकही गोल नाही, म्हणजे आर्मा हरते. उलट, किती वेळा चेंडू खांबांमध्ये घातला ते मोजले तर गॉलवेचे तेवीस आणि आर्माचे एकवीस, म्हणजे तिथे आर्मा हरते. डेरीचे सोळा आणि आर्माचे अठरा, म्हणजे इथे आर्मा जिंकते. दोन्ही नियम समजूतदार वाटतात आणि दोन्ही सामन्यांत ते एकमेकांच्या नेमके विरुद्ध निकाल देतात. मॉनहन आणि डोनेगॉलविरुद्धच्या सामन्यांत तर दोन्हींपैकी कोणताही नियम लागूच होत नाही, कारण तिथे सर्व आकडे समान आहेत. चारपैकी दोन सामन्यांत निरुत्तर होणारा नियम कितपत उपयोगाचा?

आपण क्रिकेटमध्ये हे पाहिले आहे. १४ जुलै २०१९ रोजी लॉर्ड्सवर इंग्लंड आणि न्यूझीलंड यांच्या धावा समान झाल्या, सुपर ओव्हरही बरोबरीत सुटली आणि इंग्लंडला २६ विरुद्ध १७ अशा चौकार-षटकारांच्या संख्येवर विश्वविजेते ठरवले गेले. त्याच वर्षी आयसीसीने तो नियम काढून टाकला. तीन गुणांचा गोल हा तीन एकेरी गुणांच्या बरोबरीचा आहे असे सत्तर मिनिटे मानायचे आणि बरोबरी होताच एकाला दुसऱ्याहून श्रेष्ठ ठरवायचे, यात मला तर्काची फसवणूक दिसते.

धावती_खुंट

मी सांगलीकडची, शालेय वयात खो-खो खेळले आहे. गेलिक फुटबॉल मी फक्त दूरचित्रवाणीवर पाहिले आहे, तरी लिफीकाठ यांच्या मुद्द्याला आमच्या खेळातून आधार देता येईल असे वाटते. खो-खोत गुण समान झाले तर जादा डाव खेळवतात आणि तरीही कोंडी राहिली तर लघुत्तम आक्रमण होते, म्हणजे कोणता संघ पहिला गडी कमी वेळात टिपतो ते पाहतात. निकाल झटपट लागतो, पण तेव्हाही खुंट तेच असतात, खो तसाच द्यावा लागतो आणि पाठलागही संपूर्ण संघानेच करायचा असतो. खेळाडूला असे कधीच वाटत नाही की आपल्याला अचानक परक्या खेळात ढकलले. या धर्तीवर ‘जो आधी गुण मिळवेल तो विजयी’ असे तुमच्याकडे का करत नाहीत?

लिफीकाठ

धावती_खुंट, आपले उदाहरण मला फार मोलाचे वाटले. आधी गुण मिळवेल तो विजयी, हा पर्याय मीही बराच काळ मनात घोळवला. त्यात दोन अडचणी आहेत. पहिली म्हणजे वारा. आयर्लंडमधील कित्येक मैदाने उघड्यावर आहेत आणि वाऱ्याच्या दिशेने खेळणाऱ्या संघाला पन्नास मीटरवरूनही गुण मिळवता येतो, तर समोरच्याला तीसवरून जड जाते. म्हणूनच सत्रे दोन असतात आणि बाजू बदलतात. पहिल्या गुणावर सामना संपवायचा तर नाणेफेक जिंकणाराच बहुधा सामना जिंकेल. दुसरी अडचण चेंडूच्या ताब्याची आहे. सत्राच्या आरंभी पंच चेंडू वर फेकतो, त्यात ज्याच्या हाती चेंडू लागेल तो संघ गुण मिळेपर्यंत तो सोडणारच नाही. लघुत्तम आक्रमणात दोन्ही संघांना समान संधी मिळते, तशी इथे मिळणार नाही. दोन्ही संघांना एकेकदा चेंडूचा ताबा मिळेल अशी रचना केली तर मात्र विचार करता येईल.

मैदानमित्र यांचे वेळापत्रकाविषयीचे म्हणणे मी मान्य करतो. आधी मी फेरसामन्याच्या बाजूला झुकलेला होतो, पण क्लबाच्या खेळाडूंचा मुद्दा वाचल्यावर सर्व फेऱ्यांत फेरसामना असावा असे मी म्हणणार नाही. ज्या सामन्यात चषक दिला जातो, म्हणजे प्रांतिक आणि अखिल आयर्लंड अंतिम सामना, तिथे मात्र एका फेरसामन्याची जागा वेळापत्रकात आधीच राखून ठेवावी.

बाकी बाद फेऱ्यांसाठी माझी सूचना अशी आहे. वीस मिनिटांच्या जादा वेळेनंतर आणखी पाच-पाच मिनिटांची दोन सत्रे खेळवावीत आणि त्यांत दोन्ही संघांचे खेळाडू पंधरांवरून बारांवर आणावेत. मैदान जवळपास १४० मीटर लांब आणि ८५ मीटर रुंद असते. सहा खेळाडू कमी झाले की दमलेल्या पायांनाही जागा सापडते आणि गुण होण्याची शक्यता वाढते. तरीही बरोबरी राहिली तर किकांची स्पर्धा घ्यावी, परंतु ती दांड्यावरून. पेनल्टींच्या आधी काही काळ ४५ मीटरवरून फ्री किकांची स्पर्धा हा पर्याय नियमांत होताच. आता ४० मीटरची कमान मैदानावर आखलेली असते, तर तिचाच उपयोग करावा. प्रत्येक संघाचे पाच खेळाडू, हातातून सोडून मारलेली किक, कमानीवरील पाच वेगवेगळ्या जागा, समोर कोणी नाही. दोन्ही संघांनी एकाच टोकाला मारावे म्हणजे वारा दोघांना सारखाच.

उत्तरसीमा

मी न्यूरीजवळ राहतो आणि बेरीजवजाबाकी यांनी ज्या चार पराभवांची यादी दिली, त्यांपैकी दोन मी मैदानात उभा राहून पाहिले आहेत. म्हणून थोडे वेगळे मत मांडण्याची परवानगी घेतो.

लिफीकाठ म्हणतात त्या स्पर्धेत गोलरक्षकाला काही कामच उरत नाही. पेनल्टीत निदान दोन माणसे समोरासमोर असतात. एकाचे कौशल्य दुसऱ्याच्या कौशल्यावर मात करते. रिकाम्या खांबांमधून किक मारणे हा सरावाचा प्रकार झाला. त्यात वारा आणि पाऊस एवढेच प्रतिस्पर्धी. शिवाय लांबवरून किक मारणारे खेळाडू संघात ठराविकच असतात. आपल्या मुलासारख्या बचावपटूला ११ मीटरवरून जे जड गेले ते ४० मीटरवरून सोपे जाईल का, याचा विचार व्हावा.

आर्माचे खेळाडू त्या पराभवांमुळे मोडले नाहीत, हेही नोंदवले पाहिजे. किअरन मॅकगिनी यांच्या मार्गदर्शनाखाली तोच संघ २०२४ मध्ये उपांत्य सामन्यात केरीला जादा वेळेत हरवून अंतिम फेरीत पोचला आणि २८ जुलैला गॉलवेला १-११ विरुद्ध ०-१३ असे एका गुणाने हरवून विजेता झाला. पण त्या मे महिन्यात क्लोन्सहून घरी परतताना गाडीत कोणी बोलत नव्हते, आणि ज्यांनी त्या दिवशी पेनल्टी चुकवली त्यांची नावे मी आजही घेत नाही. पेनल्टींच्या विरोधात माझ्यापाशी एवढा एकच मुद्दा आहे, पण तो मोठा आहे: सामना पंधरा जण हरतात आणि आठवण एकाची राहते.

बेरीजवजाबाकी

उत्तरसीमा, आपल्या याच मुद्द्यासाठी आणखी एक कल्पना मांडतो, जी असोसिएशन फुटबॉलच्या अभ्यासकांनी पूर्वी सुचवली आहे. किकांची स्पर्धा जादा वेळेनंतर घेण्याऐवजी आधी घ्यावी आणि जादा वेळही बरोबरीत संपली तरच तिचा निकाल ग्राह्य धरावा. यामुळे जादा वेळेत दोनपैकी एका संघाला आपण मागे आहोत हे ठाऊक असते आणि त्याला आक्रमण करावेच लागते; दोघांनीही चेंडू मागे मागे खेळवत वेळ काढण्याचा प्रश्न राहत नाही. आणि ज्याची किक चुकली, त्याच्यापुढे चूक भरून काढण्यासाठी वीस मिनिटे शिल्लक असतात. त्याला घरी घेऊन जाणारी शेवटची गोष्ट ती चूक ठरत नाही. गोलरक्षकाला स्थान हवे असेल तर या रचनेत पेनल्टी ठेवल्या तरी माझी हरकत नाही.

पश्चिमवारा

हे मला पटते. मी फेरसामन्याचा आग्रह फक्त चषकाच्या सामन्यांपुरता ठेवतो. एक शंका आहे: किका आधी झाल्या तर पुढे असलेला संघ जादा वेळेत सगळे खेळाडू आपल्या गोलसमोर उभे करून केवळ बचाव करील, त्याचे काय?

मैदानमित्र

पश्चिमवारा, २०२५ पासूनच्या नियमांनुसार प्रत्येक संघाला किमान तीन खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या मैदानात ठेवावेच लागतात. जिम गॅव्हिन यांच्या समितीने सुचवलेल्या बदलांपैकी हा एक आहे आणि पूर्वीसारखी पंधरा जणांची भिंत आता उभी करता येत नाही. शिवाय ४० मीटरबाहेरून दोन गुण मिळत असल्यामुळे मागे असलेल्या संघाला त्या भिंतीपर्यंत जाण्याचीही गरज नाही. त्यामुळे ही कल्पना पाच वर्षांपूर्वीपेक्षा आज अधिक व्यवहार्य आहे असे मला वाटते.

लिफीकाठ

आमच्या क्लबाच्या कनिष्ठ गटाची वार्षिक बैठक हिवाळ्यात असते आणि तिथे पालकांना सूचना मांडता येतात. अधिकृत स्पर्धेचे नियम क्लबाला बदलता येत नाहीत, पण आपण स्वतः भरवतो त्या उन्हाळी स्पर्धेत बदलता येतात. तिथे मी दोन गोष्टी मांडणार आहे: किका जादा वेळेच्या आधी घ्याव्यात आणि त्या दांड्यावरून असाव्यात. उत्तरसीमा यांची ४० मीटरविषयीची शंका रास्त आहे, म्हणून या वयोगटासाठी अंतर २५ मीटर ठेवावे असे सुचवीन. मागच्या रविवारी मुलाला घेऊन मैदानावर गेलो आणि बचावफळीतल्या त्याच्या चार मित्रांसह त्या अंतरावरून प्रत्येकी दहा किका मारून पाहिल्या. पाचही जणांचे निम्म्याहून अधिक चेंडू दांड्यावरून गेले.

उत्तरसीमा

लिफीकाठ, २५ मीटर ठीक वाटते. किक मारणारे पाच जण कोण, हे मात्र सामना सुरू होण्यापूर्वी मुलांना विचारून ठरवावे आणि ज्याची इच्छा नसेल त्याचे नाव यादीत घालू नये, एवढे प्रशिक्षकांना नक्की सांगा.

लिफीकाठ

ही तिसरी सूचना म्हणून लिहून घेतली आहे. बैठकीत काय ठरते ते इथेच कळवतो.